नोंदणी झाली, आता सकाळी उठून करायचे काय?

वाचकाचे पत्र

मी ३२ वर्षांची आहे. ऐरोलीला राहते आणि ठाण्यातील एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर समाजशास्त्र शिकवते. दीड वर्षाच्या धावपळीनंतर गेल्या महिन्यात माझी पीएचडीची नोंदणी झाली. प्रवेश परीक्षा पहिल्याच खेपेला सुटली. पण पुढे मुलाखत दोनदा लांबली, एका मार्गदर्शकांकडे जागा आहे असे कळले ती आधीच भरलेली निघाली, एम.ए.नंतरच्या सात वर्षांच्या खंडासाठी प्रतिज्ञापत्र करावे लागले, मायग्रेशन प्रमाणपत्रावर माहेरचे नाव म्हणून अर्ज परत आला आणि शुल्क भरण्याच्या शेवटच्या रात्री पोर्टल बंद पडले. नोंदणीचे पत्र हातात आले त्या दिवशी घरात पेढे आले आणि मला मात्र रडू आले. त्याला आता पाच आठवडे झाले. मी काहीच केलेले नाही. मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, 'वाचायला लागा.' काय वाचू, हे विचारायची लाज वाटते. रोज रात्री झोपण्यापूर्वी पोर्टल उघडून माझ्या नावापुढे 'मंजूर' आहे ना, ते पाहते. आपली लायकी नसताना चुकून आत आलो, असे वाटत राहते. सासूबाई विचारतात, 'आता किती वर्षे?' त्यांना काय सांगू, तेही कळत नाही.

ता. क. माझा विषय ठाणे–बेलापूर रस्त्यावरील बंद पडलेल्या कारखान्यांतील कामगारांच्या कुटुंबांविषयी आहे. माझे बाबा त्यांतलेच, फिटर होते. कारखाना २००३च्या अखेरीस बंद झाला, पण ते अजूनही दिघ्याच्या घरी पहाटे पाचच्या आत दाढी करून तयार असतात.

— एक विद्यार्थिनी, ऐरोली

उत्तर

स. न. वि. वि.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. मास्तरकीची ही खोड निवृत्तीनंतरही गेलेली नाही. कागदपत्रांविषयीच्या मजकुराखाली मी एकेरी रेघ ओढत गेले आणि संशोधनाविषयीच्या मजकुराखाली दुहेरी रेघ ओढायची असे ठरवले. सगळे पत्र एकेरी रेघांनी भरून गेले आणि दुहेरी रेघ ओढण्याची वेळ आली ती थेट ताज्या कलमात. ज्या विषयासाठी तुम्ही दीड वर्ष खेटे घातलेत, तो विषय पत्र लिहून संपल्यावर तुम्हाला आठवला. यात तुमचा दोष काढण्याचा माझा हेतू नाही. 'आणखी कोणता कागद राहिला?' हा एकच प्रश्न ज्याला दीड वर्ष विचारला जातो, त्याच्या डोक्यात दुसऱ्या कोणत्याही प्रश्नाला जागा उरत नाही. मात्र तुमच्या अडचणीचे मूळ लायकीत नसून येथे आहे, असे माझे मत झाले आहे आणि पुढचे सर्व त्याच अनुषंगाने लिहिते आहे.

प्रवेशाच्या प्रक्रियेत प्रत्येक टप्प्याच्या शेवटी कोणीतरी शिक्का मारत असते. परीक्षेचा निकाल लागतो, मुलाखतीची यादी लागते, प्रतिज्ञापत्रावर नोटरीची मोहोर उमटते, शुल्काची पावती निघते. त्रास कितीही झाला तरी आपण कोठे उभे आहोत हे रोज कळत असते. नोंदणीचे पत्र हाती पडले की हे सारे एका दिवसात थांबते. त्यानंतर कित्येक महिने तुम्हाला कोणीही शिक्का देणार नाही, कारण शिक्का मारण्याजोगे काही तुमच्या हातून अजून तयार व्हायचे आहे. रात्री पोर्टल उघडून तुम्ही जे पाहता ते 'मंजूर' रद्द झाले असेल अशी भीती तुम्हाला खरोखरच वाटते म्हणून नाही. दिवसभरात कोणीही काही मंजूर केले नाही, म्हणून जुनीच मंजुरी पुन्हा पाहण्यासाठी तुम्ही तेथे जाता.

माझ्या नोंदणीच्या वेळी पोर्टल नव्हते, टेबले होती. एका विद्यापीठाच्या कार्यालयात माझा प्रस्ताव चार महिने सापडत नव्हता. 'मॅडमच्या टेबलावर आहे' आणि 'साहेबांच्या टेबलावर आहे' या दोन उत्तरांच्या मध्ये मी नौपाड्यातील घरापासून ये-जा करत राहिले. शेवटी तो दुसऱ्याच विभागाच्या गठ्ठ्यात निघाला. नोंदणी झाली आणि मी काय केले असेल? तीन आठवडे घरातील माळा आवरला. पितळेची भांडी चिंचेने घासली, जुने दिवाळी अंक रद्दीत घातले, नंतर त्यांतील दोन परत विकत आणले. संशोधनाचे एक अक्षरही वाचले नाही. तेव्हा मला त्याची फार शरम वाटली. आज वाटते की तो थकवा होता आणि त्याला तीन आठवडे देणे फारसे महाग पडले नाही. तुम्ही पाच दिले आहेत. ते उधळमाधळीत मोडत नाहीत, पण आता पुरे.

आधी पोर्टलचा विषय संपवू. येत्या रविवारी नोंदणीचे पत्र, शुल्काची पावती, पात्रता प्रमाणपत्र, नावबदलाचे कागद आणि ते प्रतिज्ञापत्र या सर्वांच्या प्रती स्कॅन करा, स्वतःच्याच ईमेलवर पाठवून ठेवा आणि मूळ कागद एका फाइलमध्ये घालून कपाटात ठेवा. पुढच्या शुल्काची तारीख, कोर्सवर्कची (नोंदणीनंतर करायच्या अभ्यासक्रमाची) तारीख आणि संशोधन सल्लागार समितीसमोरच्या पहिल्या सादरीकरणाचा अंदाजे महिना हे स्वयंपाकघरातील कालनिर्णयावर लिहा, मोबाइलमध्ये नव्हे. ते भिंतीवर असले की रात्री शोधत जावे लागत नाही. महिन्यातून एकदा, पगाराच्या दिवशी, पोर्टल उघडून सूचना पाहिल्या तरी पुरते. (तासिका तत्त्वावर पगाराचा दिवस कोणता, हा प्रश्न मलाही पडला होता, तेव्हा पहिला सोमवार धरा.)

'चुकून आत आलो' या वाटण्याबद्दल मी तुमची नुसती समजूत घालणार नाही. त्या वाटण्यात दोन निरनिराळ्या गोष्टी मिसळल्या आहेत. तुमची निवड चुकीने झाली, हा एक भाग. लेखी परीक्षा, मुलाखत आणि मार्गदर्शकांनी रिकामी जागा तुम्हालाच देणे या तिन्ही ठिकाणी वेगवेगळ्या माणसांनी एकसारखीच चूक केली, असे मानायला काही आधार नाही. तेव्हा तो भाग सोडून द्या. दुसरा भाग मात्र खरा आहे. सात वर्षांच्या खंडानंतर तुम्हाला संशोधनपद्धती नीट आठवत नाही, नवे लेखन ओळखीचे नाही, नमुना निवड म्हणजे काय हे वर्गात शिकवता येते पण स्वतः करायची वेळ आली तर हात थरथरेल. हे अज्ञान आहे, त्याला अज्ञान म्हणण्यात कमीपणा नाही आणि त्याची सोय नियमांतच केलेली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नोव्हेंबर २०२२च्या विनियमांनुसार कोर्सवर्क किमान १२ श्रेयांकांचे (क्रेडिट्सचे) असते, त्यात संशोधनपद्धती व संशोधनातील नीतिमत्ता येते आणि प्रबंध सादर करण्याची पात्रता मिळण्यासाठी त्यात ५५ टक्के गुण लागतात. अनेकजण त्याकडे आणखी एक औपचारिकता म्हणून पाहतात, हजेरीपुरते जातात आणि मग तिसऱ्या वर्षी प्रश्नावली कशी करायची हे यूट्यूबवर शोधतात. तुम्ही तसे करू नका. कोर्सवर्कमध्ये जो निबंध किंवा प्रकल्प लिहायला लावतील तो शक्यतो स्वतःच्या विषयाला धरूनच मागून घ्या, म्हणजे त्याच श्रमांत पहिल्या प्रकरणाचा कच्चा माल तयार होईल.

आता 'वाचायला लागा' या वाक्याकडे वळू, कारण तुमचे पाच आठवडे त्याच वाक्यात अडकले आहेत. मी स्वतः हे वाक्य कित्येक विद्यार्थ्यांना ऐकवले आहे, तेव्हा त्याचा अर्थ मला आतून ठाऊक आहे. मार्गदर्शकाच्या तोंडी ते बहुतेक वेळा 'तुम्हाला कोणत्या बाजूला जायचे आहे हे मला अजून कळलेले नाही' या अर्थाने येते. प्राध्यापक असेल तर एका वेळी आठपर्यंत, सहयोगी प्राध्यापकाला सहापर्यंत आणि सहायक प्राध्यापकाला चारपर्यंत संशोधक विद्यार्थी घेता येतात. प्रत्येकाचा विषय निराळा, त्यावर परीक्षा, पेपर तपासणी, नॅकची म्हणजे महाविद्यालयाच्या मूल्यांकनाची कामे. अशा माणसाला 'काय वाचू?' असे विचारले तर तो चार जाडजूड ग्रंथांची नावे सांगून मोकळा होतो आणि ती नावे तुमच्या कामाची असतातच असे नाही. तेव्हा 'काय वाचू?' विचारायला तुम्हाला लाज वाटते ते एका अर्थी बरेच झाले, पण गप्प राहणे हा त्यावरचा उपाय नव्हे. प्रश्नाबरोबर काहीतरी हातात घेऊन जावे लागते.

ते हातात घेण्याजोगे काही दोन आठवड्यांत कसे तयार करावे, हे सांगते. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या 'शोधगंगा' या संग्रहावर देशभरातील विद्यापीठांचे प्रबंध मोफत वाचता येतात. तेथे औद्योगिक कामगार, टाळेबंदी, कामगार कुटुंबे अशा शब्दांनी शोधून फक्त तीन प्रबंध निवडा. ते पूर्ण वाचायचे नाहीत. अनुक्रमणिका, संशोधनपद्धतीचे प्रकरण, शेवटचे प्रकरण आणि संदर्भसूची एवढेच वाचा. याचा एक आडफायदा असा की पदवी मिळालेले प्रबंधही किती साधे, ठिकठिकाणी किती कंटाळवाणे आणि एखाद्या ठिकाणी किती चांगले असतात, हे एकदाचे दिसते. 'माझी लायकी' हा विषय त्यानंतर बराच हलका होतो. मग मॅडमना असे काही लिहा: 'मॅडम, गेल्या दोन आठवड्यांत मी तीन प्रबंध चाळले. त्यांत भर कारखाने बंद होण्याच्या कारणांवर आणि नुकसानभरपाईवर आहे. पुढे त्या घरांत काय झाले, यावर थोडेच आहे. मला त्या बाजूने जावेसे वाटते. त्यासाठी आधी कामगारविषयक वाचन पक्के करू की कुटुंबाच्या अभ्यासापासून सुरुवात करू? पुढच्या आठवड्यात वीस मिनिटे भेटता येईल का?' या पत्राला उत्तर येईल. आठ दिवसांत आले नाही तर एक आठवण करा आणि तरीही आले नाही तर प्रत्यक्ष जाऊन भेटा. मार्गदर्शकाची ईमेलपेटी हा काही त्याच्या मनाचा आरसा नव्हे. भेट झाल्यावर त्याच संध्याकाळी 'आज असे ठरले' अशा चार ओळी त्यांना पाठवत जा. सहा महिन्यांनी दोघांनाही त्या ओळी उपयोगी पडतात, विशेषतः दर सत्राला समितीपुढे प्रगती मांडण्याची वेळ येते तेव्हा.

वाचताना टिपणे कशी ठेवावीत यावर शहाणपण सांगणारे पुष्कळ भेटतील. मी एकच गोष्ट सांगते, ती माझ्या फजितीतून आलेली आहे. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात (१८९३ साली स्थापन झालेली ही संस्था तुमच्या महाविद्यालयापासून दूर नसावी) बसून मी जुन्या अंकांतून कार्डांवर उतारे उतरवून घेत असे. अक्षर सुरेख, कार्डे रंगीत, विषयवार लावलेली. प्रबंध लिहिताना एक उतारा अगदी मोक्याच्या जागी बसला आणि कार्ड उलटून पाहिले तर पृष्ठांक नाही. अंक कोणत्या महिन्याचा तेही नाही. एका ओळीसाठी मी तीन दिवस ते गठ्ठे पुन्हा उपसले. आता संदर्भ नोंदवून ठेवणारी झोटेरोसारखी मोफत साधने आहेत, ती हे काम बऱ्याच अंशी करतात. पण छापील पुस्तकातून घेतलेल्या ओळीचा पृष्ठांक तुम्हालाच घालावा लागतो. दुसऱ्याचे शब्द अवतरणचिन्हांत आणि स्वतःचे शब्द बाहेर, ही शिस्तही पहिल्या दिवसापासून ठेवा. प्रबंधाच्या वाङ्मयचौर्य तपासणीत १० टक्क्यांपलीकडे साम्य निघाले तर पुढे उत्तरे द्यावी लागतात आणि त्या वेळी ते वाक्य मुळात कोणाचे होते हे आठवतही नाही.

आता त्या दुहेरी रेघेकडे येते, कारण खरे तर मला त्याविषयीच लिहायचे होते.

तुमचे बाबा पहाटे पाचच्या आत दाढी करून तयार असतात. पहिली पाळी सातची, म्हणजे बस किंवा सायकल धरून सहाच्या सुमारास घर सोडायचे, म्हणून पाचच्या आत दाढी. कारखाना जाऊन दोन दशके उलटली, तरी पाळी घरात राहिली आहे. हे वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात. मला विचाराल तर तुमच्या प्रबंधाचे बीज त्यातच आहे. त्यातून किती प्रश्न निघतात ते पाहा. पाळी घरात राहते म्हणजे कोणाच्या झोपेवर राहते? आई किती वाजता उठत होती आणि आता किती वाजता उठते? तिसऱ्या पाळीच्या आठवड्यात दिवसा झोपणाऱ्या माणसासाठी दोन खोल्यांच्या घरात मुलांनी अभ्यास कोठे केला? कारखाना बंद झाल्यावर घरात दुसरे कोण कमावू लागले आणि त्यानंतर घरात कोणाचा शब्द चालू लागला? बाबांनी पुढे कोणते काम धरले, रखवालदारीचे की रिक्षाचे, आणि त्या कामाविषयी ते बोलतात का?

गिरणगावाविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपाने सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांची आयुष्ये बदलली आणि त्यावर कथा, नाटके, अभ्यास, आठवणी, सगळे आले. खाडीच्या या बाजूच्या पट्ट्याला तसे वाङ्मय मिळाले नाही. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ (एमआयडीसी) १९६२ साली स्थापन झाले आणि त्यानंतर ठाणे–बेलापूर रस्त्याच्या कडेने रसायने, औषधे, यंत्रे यांचे कारखाने उभे राहिले. ते बंद झाले ते एकाच संपाने एका तारखेला नव्हे. एकेक करून, कधी टाळेबंदीने, कधी स्वेच्छानिवृत्तीच्या कागदावर सही घेऊन. त्यामुळे त्याची एक गोष्ट झाली नाही, घरोघरच्या निरनिराळ्या गोष्टी झाल्या. आज ऐरोलीला ज्या काचेच्या इमारतींत गळ्यात ओळखपत्र घातलेली मुले जातात, त्यांच्या आसपासच्या कितीतरी भूखंडांवर एके काळी भोंगे वाजत होते. आणि तुम्ही ज्या गाडीने रोज ठाण्याला शिकवायला जाता, ती ठाणे–वाशी लोकल नोव्हेंबर २००४ मध्ये सुरू झाली. म्हणजे तुमच्या बाबांच्या कामाच्या एकाही दिवशी ती त्यांना मिळाली नाही. तुमच्या माहेरचे दिघा गाव स्थानक तर जानेवारी २०२४ मध्ये उघडले. हे लिहिताना माझ्या लक्षात येते आहे की हा विषय मला स्वतःलाच घ्यावासा वाटू लागला आहे. तेव्हा हात आवरता घेते.

पण एक सावधगिरी सांगितली पाहिजे. बाबांना उत्तरदाता क्रमांक एक करू नका. निदान इतक्यात नको. मुलाखत घ्यायची तर तिचा हेतू सांगून संमती घ्यावी लागते, नाव गुप्त ठेवण्याची हमी द्यावी लागते, सांगितलेले परत घेण्याची मुभा द्यावी लागते आणि स्वतःच्या वडिलांच्या बाबतीत या तिन्ही गोष्टी अवघड असतात. मुलीला नाही म्हणणे त्यांना जमणार नाही, आणि जे त्यांनी वीस वर्षे घरात सांगितले नाही ते रेकॉर्डर समोर ठेवल्यावर सांगतील असेही नाही. आपल्याच घराविषयी संशोधन करता येते, चांगले करता येते, पण त्यात मी कोण म्हणून उभी आहे हे आधी कागदावर स्वच्छ लिहावे लागते. तेही मॅडमशी बोलून, कोर्सवर्कमधला नीतिमत्तेचा भाग झाल्यावर करा.

सध्या फक्त त्यांची कागदांची पेटी पाहायला मागा. या पिढीच्या प्रत्येक कामगाराच्या घरी ती असते. पत्र्याची ट्रंक, नाहीतर पलंगाखालची जुनी सुटकेस. त्यात गेटपास, पगाराच्या चिठ्ठ्या, भविष्यनिर्वाह निधीच्या स्लिपा, युनियनची पत्रके, हिशेब मिळाल्याचे पत्र, एखादा दसऱ्याच्या यंत्रपूजेचा फोटो असे काय काय असते. त्यांच्या परवानगीने प्रत्येक कागदाचा फोटो घ्या आणि मागे तारीख व कोठे मिळाला ते नोंदवा. कागदांनी तुम्हाला दीड वर्ष छळले, हे मी विसरलेले नाही. तरीही विचार करा: कोणत्या खिडकीवर केव्हा जावे, कारकुनाला कसे बोलते करावे, पोच घेतल्याशिवाय अर्ज कसा देऊ नये, नाकारलेला अर्ज पुन्हा कसा करावा, हे सर्व तुम्ही आता शिकून बसला आहात. पुढे कामगार आयुक्तांच्या कार्यालयात बंद कारखान्यांच्या याद्या मागायला जाल, एमआयडीसीकडे भूखंडांच्या हस्तांतरणाविषयी माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून अर्ज कराल आणि तीस दिवसांनी तो 'माहिती उपलब्ध नाही' म्हणून परत आल्यावर पहिले अपील कराल, परळच्या नारायण मेघाजी लोखंडे महाराष्ट्र श्रम विज्ञान संस्थेत जुने अहवाल शोधाल, तेव्हा प्रवेशाच्या वर्षातले हेच शिक्षण उपयोगी पडेल. फरक एवढाच की आजवर खिडकीच्या आतून प्रश्न येत होता आणि तुम्ही कागद पुरवत होतात. आता प्रश्न तुमचा असेल आणि कागद त्यांनी द्यायचा असेल.

सासूबाईंच्या प्रश्नाला सरळ उत्तर आहे आणि ते त्यांना सरळच द्यावे. नियमाप्रमाणे कोर्सवर्क धरून किमान तीन वर्षे, कमाल सहा. त्यानंतर पुनर्नोंदणी करून दोन वर्षे मिळू शकतात आणि स्त्रियांना आणखी दोन वर्षांची सवलत देता येते. प्रसूती वा बालसंगोपनासाठी या संपूर्ण काळात २४० दिवसांपर्यंत रजेची तरतूदही आहे. (ही माहिती सासूबाईंना कितपत द्यायची ते तुम्ही ठरवा, काही घरांत ती भलत्याच चर्चेला तोंड फोडते.) 'पाच वर्षे लागतील' असे सांगा. 'बघू, लवकर होईल' असे सांगू नका, कारण मग तिसऱ्या वर्षापासून रोज खुलासा करावा लागतो. त्याच बैठकीत घरातली एक जागा आणि दोन तास मागून घ्या. जागा म्हणजे स्वतंत्र खोली नव्हे. जेथून जेवणाच्या वेळी पुस्तके उचलावी लागत नाहीत असे एक टेबल. दोन तास सकाळचे मिळाले तर उत्तम. लोकलमधला वेळ वाचनासाठी धरू नका. ऐरोली ते ठाणे दोन स्थानकांचा प्रवास, त्यातही उभ्याने. त्या वेळेत खिडकीबाहेर बघितले तर तुमच्या विषयाला ते अधिक मानवेल.

पैशांबद्दल थोडक्यात. कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती दरमहा ३७,००० रुपयांची आहे, पण ती नेट परीक्षेत त्या श्रेणीत पात्र ठरणाऱ्यांना मिळते. राज्यात बार्टी, सारथी आणि महाज्योती या संस्था आपापल्या प्रवर्गांतील संशोधकांना अधिछात्रवृत्ती देतात. त्यांच्या जाहिराती निघाल्या की अटी मूळ पत्रकातच वाचा, व्हॉट्सॲपच्या गटांवर फिरणारा सारांश वाचून अर्ज सोडू नका किंवा भरूही नका. नोकरीतल्या प्राध्यापकांशी स्वतःची तुलना करू नका; त्यांना ना-हरकत प्रमाणपत्राची कटकट असते, तुम्हाला पुढच्या जूनमध्ये तास मिळतील की नाही याची. दोन्ही कटकटी वेगळ्या आहेत.

आणखी एक गोष्ट. पेढ्यांच्या दिवशी रडू येणे समजण्यासारखे आहे. पण कामाला सुरुवात केल्यावरही दोन-तीन आठवडे झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, वर्गात उभे राहणे जड जात असेल, तर ती संशोधनाची अडचण नव्हे. तेव्हा माझ्यासारखीचा सल्ला पुरणार नाही. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक आहे, मोफत आहे आणि मराठीत बोलता येते. नाहीतर आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना सांगा. ठाण्यात वाढलेल्या माणसाला या विषयावरची चेष्टा लहानपणापासून पाठ असते, मीही ती केली आहे. ती मनावर घेऊन कोणी मदत मागायचे टाळू नये.

या रविवारी फाइल कपाटात गेल्यावर शनिवारपर्यंत एकच काम करा. बाबांच्या पहाटेविषयी एक पान लिहा, मराठीत, संदर्भाशिवाय, सिद्धान्ताशिवाय. आरसा कोठे लावलेला आहे, दिवा कोणता लागतो, पाणी तापवतात की गारच घेतात, दाढी झाल्यावर सहा वाजेपर्यंत ते कोठे बसतात, एवढेच. लिहून झाले की आधी बाबांना वाचून दाखवा आणि ते चालेल म्हणाले तरच मॅडमच्या भेटीला जाताना बरोबर न्या. त्यासाठी एक रात्र दिघ्याला मुक्काम करावा लागेल. पहाटे मात्र काही विचारू नका. त्यांची दाढी होऊ द्या.